कोविड नाही, म्हणून ऑक्सिजन नाही

बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसाचा जुना आजार. 2019 पासून घरी पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, मिनिटाला दोन लिटरवर, दिवसाचे सोळा तास. मशीन घेणं, शिकणं सगळं सुरळीत झालं. अडलं ते एप्रिल 2021 मध्ये, सिलिंडर भरून आणताना.

मशीन विजेवर चालतं आणि पुण्यात गुरुवारी लाईट जाते, म्हणून बी टाइपचं एक सिलिंडर घरात असतंच. त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो, बाबांना बारा तास पुरतो. ते रिकामं झालं. मी पहाटे पाचला रांगेत लागले, अकराला खिडकीशी पोचले.

"कोविड रिपोर्ट?"

म्हटलं, कोविड नाही, फुफ्फुसाचा जुना आजार आहे.

"मग नाही मिळणार. पॉझिटिव्ह लागतो."

मागे उभ्या असलेल्यांची माणसंही घरी तडफडत होती, त्यांच्यावर चिडणार कशी? पण ज्या आजारापासून बाबांना वर्षभर खोलीत जपलं, त्याच्याच तपासणीच्या रांगेत त्यांना केवळ कागदासाठी उभं करायचं? मी नाही केलं. दुसऱ्या दिवशी दोन वर्षांची फाईल घेऊन गेले. ती उघडलीसुद्धा नाही. चिठ्ठी जुनी आहे, एवढंच उत्तर. महामारीच्या आधीपासून ज्यांना ऑक्सिजन लागतो, त्यांचा नियम करताना कुणाला विसरच पडला होता. तो राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांकडून लेटरहेडवर नवं पत्र घेतलं: नॉन-कोविड, कायम घरी ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, रोज सोळा तास, खाली तारीख, सही, शिक्का. देखरेखीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि पाच मिनिटांत पावती फाडली. म्हणून असं पत्र दर महिन्याला ताजं करून ठेवा. लिटरचा आकडा हवाच, नुसतं "गरजेनुसार" चालत नाही.

आणखी एक. तेव्हा जो तो रक्तातली ऑक्सिजनची पातळी 94 टक्क्यांच्या खाली आली की घाबरायचा. शेजारचे काका म्हणाले, फ्लो वाढव. बाबांना डॉक्टरांनी 88 ते 92 च सांगितलंय. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साचतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लोमीटरला, म्हणजे ऑक्सिजनचा वेग ठरवणाऱ्या बटणाला, हात लावू नका.

आणि सिलिंडर संपायची वाट बघू नका, काटा निम्म्यावर आला की निघा. मी ते केलं नव्हतं. सिलिंडर भरून आणल्यानंतरच्या गुरुवारी साडेनऊला लाईट गेली, बाबांनी स्वतःच नळी पुढे केली. मी पाना फिरवला, सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले.