गिरणेची काळी रेती
लहानपणी जळगाव जिल्ह्यातल्या भडगावला गिरणा नदीच्या पात्रात कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटत. बेसाल्ट झिजून उरलेले ते मॅग्नेटाइट. हेच लोहऑक्साइड सुमारे २० नॅनोमीटरहून बारीक केले की बाहेरचे चुंबकीय क्षेत्र हटताच त्याचे चुंबकत्व मावळते. शिरेतून दिलेले असे कण निरोगी यकृतातील कुफर नावाच्या रक्षक पेशी गिळतात आणि एमआरआयमध्ये तो भाग काळवंडतो. कर्करोगाच्या गाठीत या पेशी बहुधा नसल्याने ती उजळ उरते. औषध जिथे पोहोचत नाही तिथेच रोग दिसावा, ही उलटी रीत मला फार आवडते. उपचारात मात्र कण थेट गाठीत टोचून, प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणाऱ्या, चुंबकीय क्षेत्राने ती ४२ ते ४५ अंशांपर्यंत तापवतात. जळगावचा मे महिनाही साधारण तेवढाच तापतो.