दोन दिवसांपुरती पिन

मे महिन्याच्या शेवटी आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात एक ठरलेली गडबड असते. वळीव येतो, रात्री विजा होतात आणि सकाळी दुकानाच्या पायरीवर माणसं जळके राउटर हातात घेऊन उभी असतात. त्यामुळे २०२४ च्या मेमध्ये काकांचा फोन आला तेव्हा विजेचंच काम असणार असं मी धरून चाललो.

"अरे, डिस्प्ले परत गेला. तिसऱ्यांदा," काका म्हणाले.

"काल विजा झाल्या का तुमच्याकडे?"

"आभाळसुद्धा नव्हतं रे."

काका बँकेतून निवृत्त झालेले. गेली सहा-सात वर्षं घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करतायत. कोण गुहागरला राहिलं, कोण इंदूरला गेलं, कोणाला मुलं किती, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये. काकूंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी ते कॉम्प्युटर टीव्हीला जोडतात आणि काकू सोफ्यावर बसून नावं तपासतात. "ही यमुनाबाई नव्हे, ही द्वारकाबाई. यमुना धाकटी," असं चालतं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

डिस्प्ले नाही म्हटलं की माझी एक सवय आहे. मी सीपीयू उघडायच्या आधी कीबोर्डकडे बघतो. नम लॉक दाबायचं. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे आतलं यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा जागचा हलला नाही, तर रॅम, बोर्ड, एसएमपीएस (म्हणजे आतल्या यंत्राला वीज पुरवणारा डबा) अशा पायऱ्या उतरायच्या. दुसरी गोष्ट, मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबून बघायचं. मेनू दिसला म्हणजे पॅनेल आणि मागचा उजेड दोन्ही ठीक. काहीच दिसलं नाही तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरायचा. आत पुसट चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा उजेड, चित्र नाही. या तीन गोष्टींना दोन मिनिटं लागतात, पण गिऱ्हाईक समोर असलं की स्क्रू काढल्याशिवाय आपण काही केलं असं त्याला वाटत नाही, हीसुद्धा खरी गोष्ट.

काकांनी माझ्या आधीच स्क्रू काढले होते. रॅम खोडरबराने घासून पुन्हा बसवलेली. व्हिडिओ बघून केलं म्हणाले. उपाय चुकीचा नाही. आमच्या कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि खोडरबराने तो निघतो, मीही करतो. फक्त खोडरबराचा चुरा खाचेत राहायला नको. पण इथे रॅमचा संबंधच नव्हता. नम लॉक लागत होतं, विंडोज सुरू झाल्याचा आवाज स्पीकरमधून येत होता, मॉनिटर मात्र "नो सिग्नल" दाखवत होता.

आत एक ग्राफिक्स कार्ड दिसलं. त्याचा पंखा फिरत होता.

"हे कधी बसवलंत?"

मग इतिहास निघाला. गेल्या वर्षी बोर्डाचं एचडीएमआय, म्हणजे टीव्ही-मॉनिटरची केबल लागते ते तोंड, बंद पडलं. माझं दुकान तेव्हा घरच्या लग्नामुळे पंधरा दिवस बंद होतं, म्हणून काका दुसरीकडे गेले. तिथे मदरबोर्ड बदलला. पाच महिन्यांनी नव्या बोर्डाचंही एचडीएमआय गेलं. तेव्हा त्या माणसाने पुन्हा बोर्ड न बदलता कार्ड टाकून दिलं. आता कार्डाचंही गेलं. मधल्या काळात टीव्हीचंही एक तोंड गेलं होतं, पण टीव्हीला दोन असल्यामुळे ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. एकेक वेळेला बघितलं तर त्याने केलं ते बरोबर होतं, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

कार्डाला एचडीएमआय आणि डीव्हीआय अशी दोनच तोंडं. कार्ड खाचेत असलं की बोर्ड सहसा आपलं स्वतःचं डिस्प्लेचं तोंड आपोआप बंद ठेवतो, म्हणून काकांनी बोर्डाला व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची जुन्या पद्धतीची केबल, लावून बघितलं तरी अंधारच. मी प्लग काढला, कार्ड उपसलं, व्हीजीएची केबल बोर्डाला लावली आणि चालू केलं. डिस्प्ले आला. डिस्प्ले पिवळा आला हे खरं, पण तो केबलचा गुण. व्हीजीएमध्ये निळ्या रंगाची तार किंवा पिन तुटली की पांढरं ते पिवळं दिसतं. हिरवी गेली तर जांभळट, लाल गेली तर आकाशी. केबल बदलली, पांढरं झालं. कुलवृत्तांताची फाइल उघडली, नऊ पिढ्या जागच्या जागी.

खरं तर काम इथे संपलं होतं. व्हीजीएवर मॉनिटर चालतोय, टीव्हीसाठी नवं कार्ड घ्या, इतकं सांगून मी निघालो असतो. खोलीत उकडत होतं, मी चपला बाहेर काढलेल्या. कॅबिनेटचा पत्रा बसवताना डावा हात खिडकीच्या गजावर गेला आणि उजव्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत झिणझिण झालं.

"चावला ना?" काकू दारातून म्हणाल्या. हातात सरबताचा पेला. "मी यांना केव्हाची सांगतेय, हा कॉम्प्युटर चावतो. ओल्या फडक्याने पुसायला गेलं की चावतो. तर म्हणतात तुला घाम येतो म्हणून तसं वाटतं."

काका काही बोलले नाहीत. मीही नाही. काकूंनी हे मला मागेही एकदा, बहुतेक दिवाळीत, फोनवर सांगितलं होतं आणि मी हसून "काकू, कॉम्प्युटरला दात कुठे असतात" असं काहीतरी म्हटलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं.

मल्टीमीटर काढला. एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरं टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलच्या पितळी बुचाला. १०९ व्होल्ट. घरात तेव्हा २३० च्या आसपास वीज होती. बरोबर निम्म्याच्या जवळचा आकडा आला की वायरिंगवाल्याला आणि आमच्यासारख्याला काही सांगावं लागत नाही: अर्थिंग नाही.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच निळ्या चकतीसारखे दोन कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. विजेतली बारीकसारीक खरखर अर्थिंगमध्ये सोडून द्यायची, एवढंच त्यांचं काम. अर्थिंग असेल तर तो प्रवाह कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्येच लोंबकळत राहतो, निम्म्या व्होल्टेजवर. त्यात प्रवाह इतका कमी की माणूस सहसा मरत नाही, नुसता झिणझिणतो. पण एचडीएमआयच्या तोंडामागे बसलेल्या चिपला पाच व्होल्टची सवय. मॉनिटर आणि सीपीयू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, दोघेही सारखेच लोंबकळत, त्यामुळे त्यांच्यात भांडण नव्हतं. टीव्हीचं मात्र केबलवाल्याच्या तारेच्या जाळीतून कुठेतरी भुईशी नातं होतं. काका रोज संध्याकाळी दोन्ही बाजू चालू ठेवून एचडीएमआय मागे चाचपडत खुपसायचे. बाहेरचं धातूचं कवच आधी टेकावं अशीच त्या प्लगची रचना असते, पण सैल झालेल्या तोंडात तो तिरका घुसला की आतली पिन आधी लागते आणि ते शंभर व्होल्ट चिपमधून रस्ता काढतात. रोज नाही. पाच महिन्यांत एकदा पुरतं.

मी टेबल पुढे ओढलं आणि एक्स्टेन्शनचा प्लग कुठे जातो ते बघितलं. भिंतीत जुनं दोन भोकांचं सॉकेट. प्लगच्या आणि सॉकेटच्या मध्ये तीन पिनांची दोन करणारी पांढरी कन्व्हर्जन पिन. तिच्यावर काळ्या मार्करने "२०/-". आकडा माझ्या हातचा होता. मी दोन असा काढतो की त्याला शेपटी येते.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं. काकांच्या तळमजल्यावर ते छातीच्या वर होतं. कॉम्प्युटर त्यांनी रात्रीच माडीवर नेला म्हणून वाचला. त्यानंतरचे दोन महिने मी गाळ धुण्यातच घालवले. मदरबोर्ड पाण्याखाली धरायचे, ब्रशने चिखल काढायचा, अल्कोहोल मारायचं, उन्हात वाळवायचं, दहांतले तीन-चार उठायचे. काकांनी ऑगस्टमध्ये निरोप धाडला की खालचं वायरिंग सगळं उखडलंय, माडीवर दोन पिनांचंच सॉकेट आहे, काय करू. मी पोरासोबत ही पिन पाठवली. "दोन दिवस चालवा, खालचं वायरिंग झालं की काढून टाका," असा निरोप दिल्याचं मला स्वच्छ आठवतं.

काकांना पिन दाखवली. "ही मीच दिलेली."

"हो, तूच. चांगली टिकली की," ते म्हणाले.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. माडीवर तीन पिनांचं सॉकेट बसवून खालच्या बोर्डापासून अर्थिंगची हिरवी तार ओढायला त्याला दोन तास लागले. मग तो म्हणाला, तार ओढली खरी, पण ती जिथे जाते तिथे काही आहे का बघू. त्याने आधी घरातले सगळे प्लग काढायला लावले, काकूंना फ्रीजजवळ उभं राहू नका म्हणून सांगितलं, आणि फेज ते अर्थिंग असा शंभर वॉटचा बल्ब लावला. बल्ब लागला, पण झोपेत असल्यासारखा. मीटरवर दीडशेच्या आसपास.

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा शोधण्यात तासभर गेला. पुराच्या गाळाखाली तो गेला होता आणि त्यावर काकूंनी कर्दळ लावली होती. आमच्याकडची जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. मेमध्ये तर खड्ड्यातला कोळसा खडखडीत कोरडा. जुनी माणसं उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची, ते उगीच नव्हे. कर्दळ बाजूला लावली, मीठ टाकलं, सहा बादल्या पाणी ओतलं. चहा होईपर्यंत थांबलो. बल्ब पुन्हा लावला, या वेळी डोळ्यांवर आला. दोनशे दहाच्या वर. वायरमनने पुढच्या आठवड्यात तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवायचं ठरवलं, काका खर्चाला कुरकुरले, काकूंनी "बसवा" म्हटलं.

मी वर जाऊन कॅबिनेटच्या स्क्रूला मीटर लावला. एक व्होल्टसुद्धा नाही. काकू आल्या, तळहात पत्र्यावर पूर्ण टेकवला, दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरला. तसं करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "घाम तर आत्ताही आलाय मला."

पैसे मी घेतले नाहीत, त्यावरून वाद झाला, शेवटी फणसाचे गरे घेऊन सुटलो. टीव्हीसाठी एक स्वस्त कार्ड नंतर बसवलं आणि काकांना दोन्हीकडचे प्लग बंद केल्याशिवाय केबल लावायची नाही अशी तंबी दिली. ती ते पाळतात असं काकू सांगतात.

दुकानात परतल्यावर २०२१ ची बिलबुकं काढली. पुरात माळ्यावर होती म्हणून राहिली. ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून "पिन २०/-" अशा सतरा नोंदी. काही बिलांवर नुसतं "रोख", काहींवर नावं. रात्री नावं होती त्यांना एकेक करून फोन लावायला बसलो. दोघांनी पिन कधीच फेकली होती. एकाला आठवेना. चौथा फोन खेर्डीतल्या एका ताईंना. मी विचारलं, ताई, कॉम्प्युटर पुसताना हाताला मुंग्या येतात का?

"येतात की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कॉम्प्युटर असाच असतो."