तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवासात सिम्युलेटर कोणता?

प्रवासात सर्किट आणि कोड तपासायला काय वापरता, असं विचारलं की मी सिम्युलआयडीईचं नाव घेतो. खरा बोर्ड न जोडता सर्किट आणि त्यातला कोड संगणकावरच चालवून बघायचा हा सिम्युलेटर. लगेच पुढचा प्रश्न येतो: वोकवीसारखा ब्राउझरातला सिम्युलेटर इतका छान असताना हे कशाला? त्याचं उत्तर दर वेळी अर्धवटच राहतं.

वोकवी छान आहेच. ब्राउझर उघडला की ऊनो, ईएसपी३२, पिको असे छोटे कंट्रोलर बोर्ड सगळे हजर. मीही कित्येक दिवस तेच वापरत होतो आणि इतरांनाही तेच सुचवत होतो. पण त्यात सिम्युलेशन तुमच्या ब्राउझरात चालतं आणि कोड कंपाइल होतो, म्हणजे चिपला कळणाऱ्या भाषेत बदलतो, तो त्यांच्या सर्व्हरवर. घरी बसून हा फरक जाणवतच नाही.

मला तो कोकण रेल्वेत जाणवला. कुडाळजवळच्या एका बागायतदारांच्या पंपाचा कंट्रोलर बघायला निघालो होतो. विहिरीचं पाणी संपलं की मोटरचा करंट उतरतो. तो ठरावीक वेळ उतरलेलाच राहिला तर पंप बंद करायचा, एवढंच त्या बोर्डाचं काम. आधी ही वेळ ६० सेकंद होती. माझ्या आधीच्या माणसाने ती ९० केली आणि तेव्हापासून पंप कोरडा पडला तरी थांबेना. गाडीत वोकवीवर ऊनो घेतला, करंट सेन्सरच्या जागी पोटेन्शिओमीटर (व्होल्टेज हाताने कमीजास्त करायचा भाग) लावला, तो खाली ओढला आणि सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दिसतो त्या खिडकीत, गेलेला वेळ छापत बसलो. आकडा ६५ हजारांच्या वर चढला आणि एकदम शून्याजवळ आला. हा वेळ ठेवणारं व्हेरिएबल अनसाइन्ड इंट, म्हणजे शून्यापासून वरचे पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारचं होतं. ऊनोवर ते १६ बिटांचं, ६५,५३५च्या पुढे जातच नाही. ६० सेकंदांचे ६० हजार मिलिसेकंद त्यात मावत होते, ९० सेकंदांचे ९० हजार कधीच मावणार नव्हते.

ते मोठे आकडे मावणारं अनसाइन्ड लाँग केलं, रन दाबलं आणि तिथेच अडकलो. चिपळूण मागे पडलं होतं, एकामागून एक बोगदे सुरू झाले होते. जुना कोड पडद्यावर मजेत चालतोय आणि नवा कंपाइल होत नाही! बागेवरच्या मुलाकडे लॅपटॉप होता, हेक्स फाइल (कंपाइल झालेला कोड) मिळताच तो बोर्डात भरणार होता. मध्येच रेंज आली ती पान पुन्हा उघडण्यात गेली. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो बंद ठेवा, असं सांगायला फोन लावला, तो दोन शब्दांत तुटला. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. रत्नागिरीला फोन लागला तोवर वीज आली होती, ऑटोवर पंप सुरू झाला होता आणि मोटर जळाली होती.

रेंजच नव्हती तर फाइल तरी कशी गेली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पटत नाही. लहानशी हेक्स फाइल तयार असती तर त्या मधल्या रेंजमध्ये निघून गेली असती.

म्हणून आता आर्डुइनो आयडीई या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये लॅपटॉपवरच कंपाइल करतो, बायनरी एक्स्पोर्ट करतो आणि ती हेक्स सिम्युलआयडीईतल्या चिपमध्ये लोड करतो. फुकट आहे, नेट लागत नाही. प्रोटिअस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर माझ्या ओळखीचं, डिप्लोमाला ८०५१ ही चिप त्यावरच शिकलो; पण माझ्या कामाच्या मानाने ते महाग पडतं. टिंकरकॅड या ब्राउझरातल्या सिम्युलेटरलाही नेट लागतंच.

‘मग बोर्डच सोबत न्या ना,’ असंही सांगतात. नेतो. पण हलत्या गाडीत जंपर वायर निघतात आणि एक सैल वायर शोधण्यात तास जातो.

सिम्युलआयडीईत सगळं आहे, असं माझं म्हणणं नाही. सर्किट वाढलं की सिम्युलेशनचा वेग खऱ्या वेळेच्या १०० टक्क्यांच्या खाली घसरतो, मग ९० सेकंदांना कितीतरी जास्त वेळ लागतो. काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) ओढला की बोर्ड रीसेट होतो, तो त्रास मला यातल्या कशातच दिसलेला नाही. त्यासाठी बांधावरच जावं लागतं.

आता त्याच बागायतदारांना मोबाइलवर पंप दिसायला हवा आहे, म्हणजे ईएसपी३२ आणि वायफाय. त्यासाठी मला वोकवीसारखं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही. सध्या ते काम घरीच करतो. गाडीत काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.