लायसन्सिएटची परीक्षा आणि इतवारीतलं गोदाम

इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसन्सिएट परीक्षा, म्हणजे विम्याच्या शिक्षणातली पहिली पायरी, मी पास झाले, तेव्हापासून ओळखीतले एजंट एकच विचारतात, "ताई, याने कमिशन वाढते का?" नाही वाढत. एजंट म्हणून काम करायला ही परीक्षा सक्तीचीही नाही. तरीही जो विचारतो त्याला मी सांगते, की करा, आणि पुढच्या वर्षावर ढकलू नका. आपण ज्या कागदावर लोकांच्या सह्या घेतो, तो कागद आपल्याला ओळ न् ओळ समजावून सांगता आलाच पाहिजे.

मी २०१७ साली एजंट झाले. दहावी पास असलं, कंपनीचं प्रशिक्षण घेतलं आणि आयसी-३८ ची परीक्षा दिली की या कामात येता येतं. ५० प्रश्न, एक तास, पासिंग ३५ टक्के. पेपर मराठीतही देता येतो. सुरुवात करायला हे ठीक आहे. गृहिणी, निवृत्त शिक्षक, दुकान सांभाळून चार पैसे जास्तीचे कमावू पाहणारा तरुण, सगळ्यांना दार उघडं राहतं. पण पुढचं शिक्षण कुठे होतं? शाखेच्या मीटिंगांत मार्चएंडिंग, क्लब मेंबरशिप आणि नव्या प्लॅनचं पत्रक यातच वेळ जातो. विकायचं कसं हे आम्हाला पुष्कळ शिकवलं जातं. क्लेम आल्यावर पॉलिसीतलं कुठलं कलम लागणार, हे मात्र जो तो आपापल्या अनुभवातून शिकतो, आणि त्या अनुभवाची किंमत बहुतेक वेळा ग्राहकाच्या घरातून वसूल होते. हे मला फार लागतं.

त्यात २०२४ मध्ये एकामागून एक नियम बदलले. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायची मुदत १५ दिवसांची ३० दिवस झाली. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागायचं, ते तीन वर्षांवर आलं. आठ वर्षांचा मोरेटोरियम, म्हणजे ज्यानंतर फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही तो काळ, ६० महिन्यांवर आला. हे बदल आधी ग्राहकांच्या मोबाइलवर पोचले आणि तिथून ते मला प्रश्न विचारू लागले. एका कंपनीचा जीवन विमा, एकीचा जनरल म्हणजे आग, गाडी वगैरेंचा विमा आणि एकीचा आरोग्य विमा असं तिन्ही काम मी करते. नियमाने एवढंच करता येतं, प्रत्येक प्रकारात एकच कंपनी. तिन्हींचा पाया एकदा नीट घालावा म्हणून मी लायसन्सिएटचा फॉर्म भरला.

त्याला ६० क्रेडिट लागतात. मी घेतलेले तीन पेपर प्रत्येकी २० क्रेडिटचे: आयसी-०१ म्हणजे विम्याची तत्त्वं, आयसी-०२ जीवन विम्याचा व्यवहार आणि आयसी-११ जनरल विम्याचा व्यवहार. पासिंगला ६० टक्के. संस्था मुंबईची, पण नोंदणी, फी, पेपरची निवड सगळं ऑनलाइन होतं आणि परीक्षा नागपुरातच संगणकावर देता येते. फॉर्म भरताना नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

अभ्यासाला वेळ मिळाला तो नागपूरच्या उन्हाने दिला. मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोणीच ग्राहक दार उघडत नाही, आणि उघडलं तरी पॉलिसीचं बोलायच्या मनःस्थितीत नसतो. कूलरसमोर पुस्तक घेऊन बसायचं, पाणी संपलं की बादली ओतायची, पुन्हा बसायचं. पुस्तकं इंग्रजीत वाचली. माझ्यासारखीच आरोग्य विम्याचं काम करणारी कामठीची एक मैत्रीण सोबत परीक्षा देत होती. आम्ही रोज एक धडा वाचून संध्याकाळी फोनवर एकमेकींना मराठीत सांगायचो. जे मराठीत सांगता येईना ते समजलेलं नाही, असं धरून पुन्हा वाचायचो. पाठांतरापेक्षा ही रीत शंभर पटींनी चांगली.

आयसी-०१ मधला इतिहास झटपट होतो: १८१८ ची ओरिएंटल, १९३८ चा विमा कायदा, १९५६ ला जीवन विम्याचं राष्ट्रीयीकरण, विमा नियामक संस्थेचा १९९९ चा आयआरडीए कायदा. वेळ द्यायचा तो तत्त्वांना. विमा करण्याइतका आपला हितसंबंध त्या वस्तूत किंवा माणसात आहे का, परम सद्भाव म्हणजे नेमकं काय, नुकसान भरून देणं आणि फायदा करून देणं यात फरक काय, नुकसानीचं खरं निकटचं कारण कोणतं. यातलं एकेक तत्त्व पुढे कुठल्या ना कुठल्या क्लेममध्ये समोर येतंच.

परम सद्भावाचंच बघा, म्हणजे विमा घेताना महत्त्वाचं काहीही न लपवता खरं सांगणं. जीवन विम्याचा प्रपोजल फॉर्म एजंट स्वतः भरतो आणि ग्राहक सही करतो, ही सर्रास पद्धत आहे. तब्येतीच्या प्रश्नांचा रकाना आला की सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं व्हायचं. आयसी-०२ करताना मी विमा कायद्याचं कलम ४५ मुळातून वाचलं. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली, की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही. त्या तीन वर्षांत मात्र महत्त्वाची गोष्ट लपवल्याचं निघालं तर क्लेम नाकारता येतो. फसवणूक नसून नुसती चुकीची माहिती असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळतात, पण विम्याची रक्कम जाते. म्हणजे एका 'नाही'वर एखाद्या घरचे वीस-पंचवीस लाख अवलंबून असतात.

त्यानंतर वाडीच्या एका ट्रकमालकाचा फॉर्म भरायला बसले. तो म्हणाला, "शुगरची गोळी चालू हाये, पण रिपोर्ट नॉर्मल येते. लिहाची काय गरज?" मी पेन खाली ठेवलं. गोळीचं नाव, कधीपासून सुरू आहे, शेवटचा रिपोर्ट कधीचा, डॉक्टर कोण, हे सगळं एकेक करून विचारलं आणि त्याच्यासमोर लिहिलं. हप्ता थोडा वाढून आला. तो जरा नाराज झाला, पण त्याची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "लिहा जी ताई, सगळं लिहा." कलम ४५ मी त्या दोघांना मराठीत समजावून सांगू शकले, याचं मोल मला त्या पॉलिसीच्या कमिशनपेक्षा जास्त वाटलं.

जनरल विम्याच्या पेपरची मला भीती होती, आणि कामाला सर्वांत जास्त तोच आला. इतवारीत माझे एक धान्याचे व्यापारी ग्राहक आहेत, मी त्यांना काका म्हणते. गोदामाचा आगीचा विमा त्यांनी दुसरीकडून घेतला होता, २० लाखांचा. आयसी-११ मधला सरासरीच्या कलमाचा, म्हणजे मालापेक्षा विमा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते हा धडा वाचून झाला, तेव्हा माझ्या मनात पहिलं तेच गोदाम आलं. मी जाऊन विचारलं, "काका, दिवाळीच्या तोंडावर माल किती असतो?" त्यांनी खतावणी काढली, गादीवर पसरली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले. त्या पंधरवड्यात माल ४० लाखांच्या घरात होता.

"आता समजा आग लागली आणि ८ लाखांचा माल जळाला. किती मिळतील?"

"आठ. विमा तर वीसचा हाये ना ताई. जितकं जळलं तितकं भेटते."

त्यांच्याच कॅल्क्युलेटरवर मी हिशेब मांडला. माल ४० चा, विमा २० चा, म्हणजे निम्म्याच मालाचा विमा आहे. उरलेल्या निम्म्याचे विमाकार ते स्वतःच झाले. म्हणून ८ लाखांच्या नुकसानीचेही निम्मेच, ४ लाख मिळणार. लहान उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. तिच्यात कमी विम्याला सूट आहे, पण ती १५ टक्क्यांपर्यंतच. काकांचा विमा ५० टक्क्यांनी कमी होता, ती सूट त्यांना पुरणार नव्हती. त्यांनी ते आकडे स्वतः दोनदा करून पाहिले. मग मुलाला हाक मारली आणि त्यालाही करायला लावले. नूतनीकरणाला विम्याची रक्कम सर्वांत जास्त मालाच्या दिवसांवर धरली गेली. बाजारातल्या आणखी काही दुकानांत त्यांनीच मला नेलं. लाकडी माळे, एकाला एक लागलेली गोदामं, डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असलेल्या त्या गल्ल्यांत हे कलम प्रत्येक एजंटाने सांगितलंच पाहिजे, मग पॉलिसी त्याने विकलेली असो वा नसो.

परीक्षेच्या दिवसाचं थोडक्यात सांगते. माझं सेंटर हिंगणा रोडला आलं होतं. वैष्णोदेवी चौकातून मेट्रोत बसले की सीताबर्डीला गाडी न बदलता सरळ लोकमान्य नगर, त्यामुळे उन्हाचा त्रास झाला नाही. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र मूळ न्यावं, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. जीवन विम्याच्या पेपरसाठी पेड-अप मूल्याचे, म्हणजे हप्ते मध्येच थांबले तर उरणाऱ्या विम्याच्या रकमेचे हिशेब हाताखालून गेलेले असू द्या. ५ लाखांची पॉलिसी, २० पैकी ८ वर्षांचे हप्ते भरले, तर पेड-अप २ लाख आणि जमा झालेला बोनस. हे बोटांवर यायला हवं, कारण हप्ते थकलेले ग्राहक रोज हेच विचारतात. आणखी एक, पुस्तक छापल्यानंतरही नियम बदलत राहतात. विमा नियामक आयआरडीएआयची परिपत्रकं शेजारी ठेवून वाचा. ग्राहकाला पुस्तकातला जुना नियम सांगून चालत नाही.

तिन्ही पेपर निघाले. असोसिएट या पुढच्या पायरीला २५० क्रेडिट लागतात, त्यातले हे ६० धरले जातात. आता मी आरोग्य विम्याचा, आयसी-२७ चा पेपर घेतला आहे. धंतोली, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांमुळे सगळा विदर्भ नागपुरात उपचाराला येतो, आणि ॲडमिट होताना कुठली खोली घ्यावी हे नातेवाईक घाईत ठरवतात. पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का असेल, तर दिवसाला ३,००० मिळतात. ६,००० ची खोली घेतली तर फक्त भाड्यातलेच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांतलेही निम्मे कापले जाऊ शकतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कपात लावता येत नाही, हे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, पण ते बिलाच्या वेळी कोणाला माहीत नसतं. कामठीची मैत्रीण आणि मी मिळून सध्या आमच्या सगळ्या ग्राहकांच्या पॉलिसी काढून खोलीभाड्याची मर्यादा एका वहीत उतरवतो आहोत. ज्यांच्या पॉलिसीत ती आहे, त्यांना आधी फोन करतो.