दहा वाजेपर्यंतची कोजागिरी

“डीजे है क्या?”

बाबूंनी गल्लीतल्या कोजागिरीच्या गाण्याचा माझा अर्ज उघडायच्या आधीच विचारलं. मी नाही म्हटलं. “बैंड?” तेही नाही. “फिर परमीशन किस बात की?” हार्मोनियम, तबला, ढोलक आणि दोन छोटे स्पीकर, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रॉकेलच्या कार्डाची चौकशी करायला आले होते.

आम्ही लष्करात राहतो. ग्वाल्हेरबाहेरच्यांना हे वाक्य ऐकून कुणीतरी फौजेत असावं असं वाटतं, म्हणून सांगते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला, तो काही उठला नाही, त्याचंच शहर झालं. सरदारांचे गोट पडले तिथे वस्त्या झाल्या. चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ ही नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. मराठीतला ‘तो गोट’ इथल्या हिंदीत ‘ती गोठ’ कधी झाला, कुणास ठाऊक. आमची गल्ली अशाच एका गोठीच्या पाठीमागे आहे. माझं लग्न झालं तेव्हा गल्लीत अकरा मराठी घरं होती, आता चार आहेत. बाकीची मंडळी मुरैना-भिंडकडून आलेली.

वाड्याच्या गच्चीवर कोजागिरी व्हायची, ती भावाभावांत गच्ची वाटली गेल्यावर बंद पडली. पुढे २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. पेपरातली बातमी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोनदा वाचली आणि विचारलं, “सूनबाई, आपल्या गल्लीत शेवटचं गाणं कधी झालं?” मला आठवेना. आठवलं ते लग्नाच्या वरातीचं डीजे, ज्यानं माझ्या फडताळातले स्टीलचे डबे चालत चालत कडेला आले होते. अण्णांनी नोकरी सांभाळून संध्याकाळी माधव संगीत महाविद्यालयात शिकून घेतलं. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मदतीनं १९१८ साली सुरू झालेली ही संस्था. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांना त्यांनी समोर बसून ऐकलंय. त्यांच्या तोंडून असा प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. दिलं मात्र बऱ्याच उशिरा, गेल्या कोजागिरीला.

मला वाटलं होतं की ठाण्यात एक कागद दिला की झालं. मध्यप्रदेशात ध्वनिक्षेपकासाठी १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. ‘कोलाहल’ हा शब्द गाण्याच्या अर्जावर लिहिताना अण्णांच्या कपाळावर आठी पडली होती. त्याच्या जोडीला केंद्राचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. अर्ज एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जातो, तिथून ठाण्याचा अभिप्राय मागवतात, तो परत येतो, मग सही. मी उलटं केलं. आधी ठाण्यात गेले, तिथून एसडीएमकडे पाठवलं, तिथून पुन्हा ठाण्यात. चार फेऱ्यांनंतर कळलं की आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद आपला नसतो. माझा पहिला अर्ज आजही कुठेतरी एखाद्या फायलीत सुखात असेल.

मागितलं काय काय? जागेचा हातानं काढलेला नकाशा, वेळ, स्पीकर किती आणि केवढे, जबाबदार माणसांची नावं व आधारच्या प्रती, हमीपत्र आणि शेजाऱ्यांच्या सह्या. नकाशानं सगळ्यात घोळ घातला. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे मी हौसेनं मंच काढला होता, तिथून एक छोटं नर्सिंग होम जवळ होतं. भर दुपारी पावलं मोजत गेले. एकशेदहा भरली, म्हणजे ऐंशी मीटरही नाहीत. मंच उचलून दुसऱ्या टोकाला, वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी न्यावा लागला. मी खट्टू झाले, अण्णा मात्र खूश. “मागे दगडी भिंत आहे, आवाज पुढे येईल. तिथे काय होतं? गटार आणि पानाची टपरी.”

सह्यांचं सांगायलाच हवं. सतरा घरांपैकी पंधरांनी चहा पाजून सही दिली. एका घरची मुलगी रात्रपाळीची नर्स. ती म्हणाली, “आंटी, रात को तो मैं वैसे भी नहीं रहती, दिन में मत बजाना बस.” राहिले समोरचे भाईसाहब. “दूध आपका, गाना आपका, हल्ला हमारे सिर।” चुकीचं नव्हतं. तीस वर्षं समोरासमोर राहून आमच्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवण्यापलीकडे आम्ही काही केलं नव्हतं. त्यांची बायको आणि तिच्या मैत्रिणी चैत्रात कैलादेवीची लांगुरिया, म्हणजे देवीची लोकगीतं, गातात. ढोलकवर अशी लय पकडतात की शास्त्रीयवाल्यांनी ऐकावी. मी भाभींना विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, पहला नंबर हमारा रहेगा. सही दुसऱ्या दिवशी आली. भाईसाहबांनी त्या रात्री साडेनऊला नेहमीसारखी खिडकी लावून घेतली ती घेतलीच, हेही सांगून टाकते.

गाण्यांच्या हक्काचा किडा एका वकील भाच्यानं डोक्यात सोडला होता. फिल्मी गाणं म्हटलं तर पैसे भरावे लागतील का? हौशी मंडळानं तिकीट न लावता फुकट श्रोत्यांपुढे गायलं तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे, असं त्यानंच मग कलम काढून दाखवलं. परंपरेनं आलेल्या जुन्या बंदिशींना तर कुणाचीच हरकत नाही. तो विषय तिथे संपला.

आता दहा वाजण्याची गोष्ट. कोजागिरी म्हणजे मध्यरात्रीचं दूध आणि नियमात रात्र सुरू होते दहाला. राज्य सरकार सणासुदीला बारापर्यंत सूट देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. पण ती सरकारनं जाहीर करायची असते, गल्लीनं मागून मिळत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, दहाला स्पीकर बंद, पुढे नुसती पेटी-तबला. मग नियम नीट वाचला. उघड्यावर दहानंतर ध्वनिक्षेपकच नाही, वाद्यसुद्धा नाही. बंद सभागृहात चालतं. अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दूध दहाच्या आत आटेल ना?”

स्पीकरवाल्याशी वेगळीच लढाई. त्याच्याकडे सगळं माणसाच्या उंचीचं. “दीदी, इतने में मज़ा नहीं आएगा।” शेवटी कुठल्याशा प्रवचनातून परतलेले दोन उभे खांबी स्पीकर मिळाले, ४,५०० रुपयांत. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. मी फोनवर मोजायचं ॲप घेतलं. असली ॲपं कितपत खरी, देव जाणे. पण संध्याकाळी सातला, मंचावर नुसती सतरंजी असताना, ते ६३ दाखवत होतं. दोन स्कूटर, एक कुकर आणि कुणाच्या तरी टीव्हीवरची मालिका.

साडेसातला भाभींनी सुरुवात केली. पहिल्या लांगुरियालाच गच्च्यांवरून माना बाहेर आल्या. मुलांनी दोन फिल्मी गाणी म्हटली, एकानं मध्येच शब्द विसरून टाळ्या मिळवल्या. मग महाविद्यालयातल्या एका मुलीनं यमन मांडला आणि शेवटी तराणा. द्रुत लयीत तिचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, तेव्हा स्पीकरवाल्यानं आपणहून आवाज कमी केला. तो मघापासून मंचाच्या पायरीवर बसून ऐकत होता. अठरा लिटर दूध आटून चौदा झालं होतं. चारोळी कमी पडली, जायफळ जास्त झालं. नव्वदेक माणसांनी ते पेपर कपातून प्यायलं.

पावणेदहाला ठाण्याचा शिपाई मोटरसायकलवर आला. परवानगीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला होता, तो दाखवला. त्यानं वाचला, घड्याळ पाहिलं, दूध घेतलं. दहाला स्पीकर बंद. पेटीचं झाकण लागलं, तबल्यावर खोळ चढली. लोक उठेनात. चंद्र दोन गच्च्यांच्या मधल्या फटीत नुकता आला होता.

अण्णांनी मला खुणेनं बोलावलं. “नियमात गळा आहे का?”

मी शिपायाकडे पाहिलं. त्याला हिंदीत समजावून सांगितलं. त्यानं कागद पुन्हा मागितला, मोबाईलच्या उजेडात पाठपोट पाहिला आणि म्हणाला, “गले का तो कहीं लिखा नहीं है, अम्मा।”

अण्णांचं वय एक्याऐंशी. वरचा षड्ज आता थरथरतो. साथीला काहीच नव्हतं, मीच हळू ‘सा’ धरून बसले. संगीताची मध्यमा परीक्षा दिल्यावर गाणं सोडलं ते पंचवीस वर्षांनी असं पुन्हा तोंडात आलं. त्यांनी मालकंसातली बंदिश घेतली. मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढे येऊन बसल्या, कारण ऐकू येत नव्हतं. कुणीतरी वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद करायला लावला. एक कुत्रं भुंकलं, त्याला कुणीतरी पाव दिला. अण्णांना दोन ठिकाणी दम लागला. थांबले, पाणी प्यायले, पुन्हा समेवर आले. ॲप बघायचं राहून गेलं.

शिपाई अर्ध्यातून निघाला. दुसरीकडेही फेरी असणार. त्यानं मोटरसायकल स्टँडवरून उतरवली, गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली आणि पानाच्या टपरीपाशी जाऊन किक मारली.