आमची वाटचाल: दोन तारांवरचं काम

16 वर्षांपूर्वी जळगाव एमआयडीसीत पत्र्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, तेव्हा जवळ एक मल्टिमीटर, एक लूप कॅलिब्रेटर आणि मोटारसायकल होती. डाळ मिल असो की पाइपचा कारखाना, काम एकच: उपकरणाचं माप दोन तारांवरून नेणारा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल तपासायचा आणि झिरो-स्पॅन, म्हणजे मापाची सुरुवात आणि शेवट, जुळवायचे.

हार्टचं, म्हणजे त्याच तारांवरून उपकरणाशी डिजिटल बोलायच्या पद्धतीचं, पहिलं काम एका तेल गिरणीत मिळालं. टाकीवर न चढता, पॅनेलपाशी बसून लेव्हल ट्रान्समीटरची (टाकीतली पातळी मोजून कळवणाऱ्या उपकरणाची) रेंज बदलायची होती. त्यासाठी लागणारं हातातलं यंत्र, कम्युनिकेटर, उसना आणला. मे महिन्याची दुपार, पॅनेल रूममध्ये घामाच्या धारा, आणि पडद्यावर सारखं तेच: डिव्हाइस सापडत नाही. कम्युनिकेटरच खराब आहे, असं मी शेठना सांगूनही टाकलं. संध्याकाळी तिथला जुना वायरमन म्हणाला, "भाऊ, इथला चार्ट रेकॉर्डर मागच्या महिन्यात काढलाय." त्या रेकॉर्डरच्या टर्मिनलवरचा 250 ओहमचा रेझिस्टरही त्याच्यासोबत गेला होता! हार्टचा डिजिटल सिग्नल त्याच दोन तारांवरून जातो. करंट अर्धा मिलिअँपिअर वर-खाली होतो, 1 साठी 1200 हर्ट्झने, 0 साठी 2200 हर्ट्झने. सरासरी शून्य, त्यामुळे मूळ रीडिंगला धक्का लागत नाही. पण लूपमध्ये पुरेसा रोध नसला, तर पॉवर सप्लायच तो सिग्नल गिळतो. रेझिस्टर सीरिजमध्ये घातला आणि ट्रान्समीटरचा टॅग, म्हणजे त्याचं नाव, पडद्यावर उमटला. शेठकडे जाऊन चूक माझीच होती हे सांगितलं. ते गिऱ्हाईक आजही आमचं आहे.

पुढे मॉडबसची, म्हणजे एकाच केबलवर अनेक उपकरणं जोडून त्यांचे आकडे वाचायच्या पद्धतीची, कामं आली. प्रोटोकॉल 1979 चा, पण आमच्या भागात आजही सर्वांत जास्त तोच चालतो. एका कारखान्यात 11 एनर्जी मीटर जोडायचे होते. सगळ्यांचा पत्ता कंपनीतूनच 1 आलेला, केबल प्रत्येक मीटरला वेगळी ओढलेली. पत्ते वेगवेगळे केले, केबल सगळी उखडून एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी नेली, दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावले. तरी व्होल्टेज कधी 0, कधी पडद्यात न मावणारा आकडा. व्होल्टेजचा आकडा मीटरच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांत, विभागलेला होता आणि त्यांचा क्रम उलटा वाचला जात होता. तो बदलला आणि 231 दिसले.

आता आम्ही पाच जण आहोत, चौघं आयटीआयची मुलं. प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून पत्ते, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आणि रजिस्टरचा क्रम लिहिलेला कागद चिकटवल्याशिवाय आम्ही बिल देत नाही.