ढाब्याजवळ सोडलेलं कुत्रं

२३ मे, रात्र

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, दोन दिवसांवर आला. रात्रीचे दहा वाजले तरी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. शाळांना सुट्ट्या, गावाला जायची तिकिटं काढलेली, आणि नको झालेल्या घरच्या कुत्र्याबद्दल नागपुरात या दिवसांत हमखास ऐकू येणारं वाक्य: "खेड्यात सोडून द्या न भाऊ, तिथं मोकळं राहते अन् पोटभर खाते."

बोलणाऱ्याला ते खरंच वाटत असतं, अडचण तीच. जागासुद्धा तो विचार करून निवडतो. अमरावती रोड घ्या, काटोल रोड घ्या की उमरेड रोड. ढाबा, पेट्रोल पंप, देवळाचं आवार, जिथं उष्टं मिळेल अशी जागा. पण ढाब्यामागच्या उकिरड्याचे धनी आधीच ठरलेले असतात. तिथल्या पाच-सहा कुत्र्यांमध्ये कोण आधी खाणार, कोण लांब बसणार, हे पक्कं असतं. शेपूट कधी घालायची, नजर कधी वळवायची, हे त्यांना पिल्लूपणापासून कळतं. फ्लॅटमध्ये एकट्यानं वाढलेला लॅब (लॅब्राडोर) मात्र शेपूट हलवत थेट त्यांच्या अंगावर जातो. मग मान, कान आणि मागच्या पायांना चावे. या हवेत जखमेवर माश्या बसल्या की एका दिवसात किडे पडतात.

त्याआधीची गोष्ट जास्त वाईट. सोडलेलं कुत्रं अन्न शोधायला निघतच नाही. गाडी जिथून वळली तिथंच रस्त्याच्या कडेला बसून राहतं आणि त्याच रंगाची गाडी दिसली की मागे धावतं. बरीच तिथंच चिरडली जातात. सापडायचं असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत त्याच जागी सापडतं. नंतर तहान त्याला हलवते आणि मग कुठल्या धुऱ्यानं कुठं गेलं, पत्ता लागत नाही.

तहानेचा हिशोब सोपा आहे. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. २५ किलोच्या लॅबला झाला सव्वा ते दीड लिटर, तोही बऱ्या हवेत. पंचेचाळीस अंशांत याहून बरंच जास्त. आणि मे महिन्यात वावर म्हणजे काय? वखरून ठेवलेली उघडी माती. नाला कोरडा, विहिरीचं पाणी खोल, संत्र्याच्या बागेतलं पाणी ठिबकच्या नळीत. "शेतात पाणी असते" हे नोव्हेंबरातलं चित्र आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.५ अंशांच्या आसपास; ४१ च्या वर गेलं की ऊन लागलं समजायचं. पगचं नाक आखूड म्हणून त्याची धाप अपुरी पडते, हस्की आणि सेंट बर्नार्ड तर अंगावर दुहेरी रजई घेऊनच जन्मलेले. (नागपुरात हस्की पाळायचा सल्ला देणाऱ्याला एकदा दुपारी दोनला स्वेटर घालून सीताबर्डीत फिरवावं.)

ऊन लागलेलं कुत्रं दिसलं तर आधी सावली. पोट, मांड्या आणि पंजे यांवर साधं पाणी ओतायचं, पुठ्ठ्यानं वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, उष्णता आत कोंडते. तापमान ३९.५ पर्यंत उतरलं की पाणी थांबवायचं, नाहीतर ते नेहमीच्याही खाली घसरत जातं. प्यायला उथळ भांड्यात थोडं थोडं. तोंड बांधायची वेळ आली तर मिनिटभरच, कारण धाप थांबली की तापमान पुन्हा चढतं. जवळ जाताना ताठ उभं राहून डोळ्यांत बघू नये. कडेनं जावं, बसावं, त्याला येऊ द्यावं.

खायला घालताना सगळ्यात जास्त चुका होतात. बरगड्या दिसल्या की आपण टोपलंभर दूध-पोळी पुढे ठेवतो. अनेक दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम भरपेट दिलं तर रक्तातले क्षार झपाट्यानं पेशींत खेचले जातात आणि हृदय बंद पडू शकतं. दुधानं वर हगवण. मिठाशिवाय शिजवलेलं चिकन किंवा अंडं, सोबत थोडा मऊ भात, दिवसातून पाच-सहा वेळा चार-चार घास, आणि आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढ. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर गोचीडताप असू शकतो, रक्त तपासून घ्यावं. गोचीड चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढायची, रॉकेल नाही. घरात दुसरं कुत्रं असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवायचं, पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन्ही जीवघेण्या विषाणू-रोगांची धास्ती असते. आणि ते चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.

डिस्टेंपर फक्त कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांत हा विषाणू सापडला. आपल्याकडे रस्ता संपतो तिथं पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं सुरू होतात. लस न टोचलेलं कुत्रं तिकडे सोडणं म्हणजे काय, ते यावरून समजावं. बिबट्याला अर्थात ते आयतं जेवण.

२५ मे

कायद्याचंही टिपून ठेवतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला उपासमार होईल असं सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. दहा रुपयांत चहा येतो. असा कायदा ढाब्यावर बसवला जातो, तो कुत्र्यासकट. महापालिकेची नसबंदी मोहीम यावर उपाय नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरचं कुत्रं शस्त्रक्रियेनंतर सहसा जिथून उचललं तिथंच परत सोडतात, आणि पाळीव कुत्र्याची लस-नसबंदी मालकाच्याच गळ्यात असते.

नको झालेलं कुत्रं द्यायचंच असेल तर तीन-चार आठवडे हाताशी ठेवावे. लस पूर्ण, नसबंदी झालेली, दिवसाउजेडी काढलेले फोटो. चावत असेल तर तसं स्पष्ट सांगणं, कारण लपवलं की महिनाभरात ते परत येतं किंवा तिसऱ्याच रस्त्यावर सापडतं. देताना लसीचं कार्ड, रोजची चादर आणि आठवडाभराचं तेच खाणं सोबत. घर बघून यायचं, जमलं तर आधी सात दिवस अजमावून बघायला राहू द्यायचं.

आणि फार्महाऊस. "आपलं पाच एकर आहे, तिथं ठेवतो" हा सोडून देण्याचाच सभ्य प्रकार अनेकदा ठरतो. मालक रविवारी येतो, कुत्रं साखळीला, आणि सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, कुणी विचारलेलं नसतं की तुला हे सांभाळायचंय का. नसबंदी न झालेली मादी असेल तर दोन महिन्यांनी सहा-सात पिल्लं, त्यांचीही सोय पुन्हा ढाब्याजवळ. म्हणून तिथं जाऊन मालकाशी नंतर बोलावं, आधी सालदाराला विचारावं: सोमवार ते शनिवार पाणी कोण बदलतं?